वार मुलाची, वार मुलीची

बाळ बाहेर आल्यावर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत वार पडते. सिस्टर ती ट्रेमध्ये उलटीपालटी करून बघतात, एखादा तुकडा आत अडकून राहिला नाही ना याची खात्री करतात आणि पिवळ्या पिशवीत टाकतात. बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तिची जागा तिथेच. घरी बाळंतपण झालं तर ती पुरतात. नाशिक शहरातलं मोठं रुग्णालय असो की सुरगाण्यातलं घर, तिचं वजन क्वचितच कोणी करतं. नऊ महिने बाळाचं फुफ्फुस, मूत्रपिंड, आतडं आणि हार्मोनची ग्रंथी ही सगळी कामं एकटीनं करणाऱ्या अवयवाबद्दल कागदावर उरतं ते एवढंच: 'वार पूर्ण आली.'

या ओळीपुढे दोन-तीन आकडे लिहायला हवेत असं माझं ठाम मत आहे. आणि ते आकडे वाचताना बाळ मुलगा आहे की मुलगी हे ध्यानात घ्यायला हवं, कारण वारेलाही लिंग असतं.

पुष्कळांना वाटतं वार आईची. तसं नाही. फलनानंतर साधारण पाचव्या दिवशी गर्भ म्हणजे पेशींचा एक पोकळ गोळा असतो. आतल्या बाजूला चिकटलेल्या मोजक्या पेशींचं बाळ होतं, बाहेरच्या थराची वार होते. दोन्ही एकाच फलित बीजातले, म्हणून गुणसूत्रंही तीच: मुलीची वार एक्सएक्स, मुलाची एक्सवाय. आईचा वाटा म्हणजे गर्भाशयाच्या बाजूनं चिकटून येणारा डेसिड्युआचा पातळ थर, आणि वारेच्या पोकळ्यांतून वाहणारं तिचं रक्त. १९९७ मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी मुलगा पोटात असलेल्या बायकांच्या रक्तात वाय गुणसूत्राचा डीएनए दाखवून दिला. बाळाच्या गुणसूत्रांतले दोष शोधणारी एनआयपीटी नावाची आईची रक्ततपासणी आज ज्या 'बाळाच्या' डीएनएवर चालते, तो खरं तर बहुतेक सगळा वारेच्या झिजणाऱ्या पेशींचा असतो. थेट वारेचा तुकडा काढून केलेल्या शंभर तपासण्यांत एक-दोन वेळा वारेत गुणसूत्रांचा दोष दिसतो आणि बाळात तो नसतो. म्हणून अशा तपासणीत काही निघालं तरी गर्भजल तपासल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये.

आता आपल्याकडचा नाजूक मुद्दा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्यामुळे या लेखात 'मुलाची वार', 'मुलीची वार' असं जे जे येईल ते सगळं जन्मानंतरचं ज्ञान आहे. त्यावरून आधी अंदाज बांधता येत नाही आणि बांधायचाही नाही. रिपोर्टात 'प्लासेंटा अँटीरिअर' असेल तर मुलगी, 'पोस्टिरिअर' असेल तर मुलगा, किंवा वार उजवीकडे तर मुलगा, असे मेसेज कुटुंबांच्या ग्रुपवर फिरत असतात. ते शब्द फक्त वार गर्भाशयाच्या कोणत्या भिंतीला चिकटली आहे एवढंच सांगतात, लिंगाशी त्यांचा काही संबंध नाही. उलट्यांचंही तेच. मुलीच्या वारेतून एचसीजी हे हार्मोन सरासरीनं जास्त येतं हे खरं. पण ॲडमिट करावं लागेल इतक्या उलट्या होणाऱ्या शंभर बायकांतही मुली जेमतेम ५५ निघतात. नाणं उडवल्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

मग फरक नेमका कुठे? सुरुवात एक्स गुणसूत्रापासून. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि त्यातला एक गप्प केला जातो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. पण गप्प केलेला एक्स पूर्ण गप्प बसत नाही, त्याच्यावरचे साधारण १५ टक्के जीन चालूच राहतात. म्हणजे काही प्रथिनं मुलीच्या वारेत मुळातच जास्त तयार होतात. त्यातलं अभ्यासलं गेलेलं एक म्हणजे ओजीटी हे एन्झाइम. ते इतर प्रथिनांना साखरेचा एक रेणू चिकटवतं आणि त्यातून कोणते जीन उघडायचे, कोणते मिटायचे यावर परिणाम होतो. मुलाच्या वारेत ते कमी. ट्रेसी बेल यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेनं उंदरिणींना गर्भारपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत ताण दिला तेव्हा वारेतलं ओजीटी आणखी खाली गेलं, आणि मोठेपणी ताणाला जास्तीची प्रतिक्रिया देणारी पिलं निघाली ती नर. फक्त वारेतून हा जीन कमी केला तरी पिलांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे ताणाची प्रतिक्रिया सांभाळणाऱ्या भागात, बदल दिसले. म्हणजे मेंदूला हात न लावता, नुसत्या वारेतून मेंदू बदलला.

हे उंदराचं आहे, हे विसरून चालत नाही. उंदराच्या वारेत कायम बापाकडून आलेला एक्सच गप्प होतो. माणसात मात्र वारेच्या एका पट्ट्यात आईचा, शेजारच्या पट्ट्यात बापाचा असं ठिगळाठिगळांनी होतं. त्यामुळे 'गरोदरपणात टेन्शन घेतलं म्हणून मुलगा असा झाला' असं कोणत्याही आईला सांगण्याइतका पुरावा यात नाही. तसं सांगणारा भेटलाच तर खुशाल दुर्लक्ष करावं.

माणसांतला सगळ्यात बोलका पुरावा वाढीच्या पद्धतीत आहे. मुलगे गर्भात मुलींपेक्षा भरभर वाढतात, पण त्या मानानं वार मोठी करत नाहीत. एकाच वजनाच्या दोन वारा घेतल्या तर मुलाच्या वारेवर वाढलेलं बाळ लांबीला जास्त भरतं. कार्यक्षमता जास्त, पण राखीव क्षमता कमी. मुलगा हातातोंडाशी गाठ ठेवून वाढतो, मुलगी कणगीत थोडं राखून. सगळं सुरळीत असेल तर मुलाचा डाव यशस्वी होतो. आईचं खाणं मध्येच घटलं, बीपी चढलं, दम्याचा झटका आला, तर राखीव नसलेला आधी अडचणीत येतो.

दम्यावरचं काम याचं उत्तम उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात व्हिकी क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी दमा असलेल्या गरोदर बायकांचा माग ठेवला. आईला दमा आहे आणि ती स्टेरॉइडचा पंप घेत नाही, अशा वेळी मुलीच्या गर्भानं वाढ थोडी आवरती घेतली, तरी ती धोक्याच्या रेषेखाली गेली नाही. मुलाच्या गर्भानं काहीच झालं नसल्यासारखी वाढ चालू ठेवली. मग आईला दम्याचा जोराचा झटका आला. आधीच सावध झालेल्या मुलींवर फारसा आणखी परिणाम दिसला नाही. मुलांमध्ये मात्र वाढ खुंटणं, दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि पोटात दगावणं वाढलं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत राज्यात तळाला जातो, त्यात पहाटेचं धुकं आणि शेकोट्यांचा धूर. या भागातल्या दम्याच्या गरोदर बाईनं 'बाळाला नको' म्हणून बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप बंद करणं ही त्या हंगामातली सर्वात महागडी चूक आहे. पंपातलं औषध बहुतांश फुफ्फुसातच राहतं. झटका आला तर ऑक्सिजन मात्र बाळाचाही कमी होतो.

राखीव नसण्याची किंमत मोठ्या आकड्यांतही दिसते. जगभरातल्या तीन कोटींहून जास्त जन्मांचा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात मृतजन्माचा धोका मुलांमध्ये सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघाला. कमी दिवसांच्या बाळांत मुलगे जास्त. त्यांची फुफ्फुसं पिकायलाही मुलींपेक्षा आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून एनआयसीयूत श्वासाला मशिन लागणाऱ्यांत मुलगे अधिक. आईला गरोदरपणातली शुगर होण्याची शक्यता मुलगा असताना किंचित जास्त. पण सगळं एकाच बाजूला झुकतं असं नाही. फार लवकर, म्हणजे ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल अशा प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याच्या आजारात, मुलींचं प्रमाण जास्त सापडतं. याचा एक अर्थ असा लावतात की इतक्या खराब वारेवर मुलगा तोवर टिकतच नाही, आधीच्या महिन्यांत गळून जातो. मला हा अर्थ पटण्यासारखा वाटतो, पण तो सिद्ध झालेला नाही.

आयुष्यभराच्या आरोग्याशी याची सांगड घातली गेली ती ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या कामातून. जन्मताना लहान बाळ आणि त्या मानानं मोठी वार, अशा माणसांचं बीपी मोठेपणी सर्वात जास्त असतं, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवलं. पुढे फिनलंडमध्ये हेलसिंकीत १९३४ ते १९४४ दरम्यान जन्मलेल्यांच्या नोंदी हाती आल्या. तिथल्या सुईणी तेव्हाही वारेचं वजन, लांबी आणि रुंदी लिहून ठेवत होत्या. त्यातल्या २००३ जणांना साधारण बासष्टाव्या वर्षी तपासलं, ६४४ जणांना बीपीचं औषध चालू होतं. स्त्री-पुरुष दोघांतही कमी जन्मवजनाचा बीपीशी संबंध होताच. वारेकडे बघितल्यावर मात्र वाटा फुटल्या. स्त्रियांत बीपीचा संबंध वारेच्या लहान क्षेत्रफळाशी निघाला. पुरुषांत तो वारेच्या लांब आणि आडव्या अशा दोन व्यासांपैकी छोट्या व्यासाशी निघाला, आणि तोही उलट: हा व्यास जितका जास्त तितकं बीपी जास्त. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की अन्न कमी पडल्यावर मुलाची वार उशिरानं पसरून भरपाई करायला बघते, आणि त्या भरपाईचा बोजा त्याच्याच अंगावर पडतो. आणखी एक वेगळेपण दिसलं. पुरुषांचं बीपी आईच्या सांपत्तिक स्थितीशी, म्हणजे गरोदरपणातल्या ताटाशी जोडलेलं होतं. स्त्रियांचं आईच्या उंचीशी, म्हणजे आईच्या स्वतःच्या बालपणातल्या पोषणाशी.

ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या सुईणींनी एक फूटपट्टी वापरली म्हणून हे कळलं. आपल्या वहीत तो रकानाच नाही.

वारेचं एक काम असं आहे की ते स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतं. आईच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, बाळाच्या कितीतरी पट असतं. वारेतलं अकरा-बीटा-एचएसडी-२ हे एन्झाइम त्यातल्या बहुतेकाचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं आणि बाळापर्यंत थोडंच पोचू देतं. या दारवानाचं काम मुलाच्या आणि मुलीच्या वारेत सारखं चालत नाही. पंप न घेणाऱ्या दमेकरी बायकांत त्याची ताकद घटलेली दिसली ती मुलींच्या वारेत, आणि त्यांची वाढ आवरती घेण्यामागे हेच कारण सांगतात.

हे एन्झाइम बंद पाडणारा पदार्थ आपल्या बटव्यात आहे: ज्येष्ठमध. त्यातलं ग्लायसिरायझिन हे काम करतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची काळी गोळी-मिठाई खूप खातात, म्हणून तिथे याचा अभ्यास होऊ शकला. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त ग्लायसिरायझिन पोटात गेलेल्या आणि २४९ मिलिग्रॅम किंवा कमी गेलेल्या आयांची मुलं साडेबारा वर्षांची असताना तपासली. जास्तवाल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी होता, मुलगे आणि मुली दोघांतही. वयात येणं मात्र फक्त मुलींत पुढे सरकलेलं होतं. त्या उंच, वजनानं जास्त आणि वाढीत पुढे होत्या. अशा अभ्यासातून कारण-परिणाम पक्का होत नाही, तरी फिनलंडच्या सरकारी सल्ल्यात गरोदर बाईनं टाळायच्या पदार्थांत ज्येष्ठमध आहे.

आता आपला हिशेब. मुळीत ग्लायसिरायझिनचं प्रमाण खूप बदलतं. कमीत कमी म्हणून २ टक्के धरलं तरी रोज ४ ग्रॅम पूड म्हणजे ८० मिलिग्रॅम आणि आठवड्याला ५६० मिलिग्रॅम. खोकल्यासाठी एखाद्या दिवशी कांडी चघळली तर घाबरण्यासारखं काही नाही. पण मधात कालवून रोज चाटण, काढ्यात रोज चमचा, 'गोरं बाळ व्हावं' म्हणून महिनोन् महिने दुधातून पूड, हे थांबवायला हवं. ज्येष्ठमधानं आईचं बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, तो धोका वेगळाच. तयार काढा किंवा खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप आणलं तर लेबलवर 'यष्टीमधु' शोधा, बऱ्याच वेळा तेच पहिल्या चार-पाच घटकांत असतं.

याच दारवानामुळे औषधांचीही निवड ठरते. आईच्या स्वतःच्या आजारासाठी स्टेरॉइड द्यायचं तर प्रेडनिसोलोन देतात, कारण वारेत त्यातलं बहुतेक निष्क्रिय होतं. बाळाची फुफ्फुसं पिकवायची असतील तर डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन, कारण ती या एन्झाइमला फारशी दाद देत नाहीत. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात लवकर कळा सुरू झाल्या की डेक्साची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर १२ तासांनी एक, हा सरकारी दवाखान्यातला ठरलेला क्रम. पेठ किंवा हरसूलकडून नाशिकला रेफर करताना पहिलं इंजेक्शन तिथेच देऊन मग गाडी सोडली तर तास वाचतात. आत मुलगा आहे की मुलगी हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून फुफ्फुसं आठवडाभर मागे असलेलं बाळच आत आहे असं धरून वागायचं.

हेच तत्त्व सगळ्या गरोदरपणाला लावता येतं. राखीव कमी असलेलं बाळ गृहीत धरून तयारी करायची, मग मुलगी असली तरी तोटा नाही.

तयारी कधी, याचं उत्तर वारेच्या बांधणीत आहे. गर्भाशयाच्या बारीक, पीळदार धमन्या वारेच्या पेशी आतून पोखरून रुंद करतात, आणि हे काम विसाव्या आठवड्यापर्यंत उरकतं. म्हणून प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका असलेल्या बाईला कमी डोसची ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. पंचविसाव्या आठवड्यात सुरू करून धमन्या रुंद होत नाहीत. डोस ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, आणि डॉक्टरांनी लिहून दिली तरच. आधीच्या वेळी बीपी चढलं होतं, किडनीचा आजार आहे, जुळं आहे, मधुमेह आहे, यातलं काही असेल तर पहिल्याच भेटीत आपणहून सांगा.

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जो अभ्यास चालवला, तो या बाबतीत आपल्याला फिनलंडपेक्षा जवळचा. पंधराव्या ते अठराव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मोजलेलं वारेचं आकारमान पुढच्या जन्मवजनाचा अंदाज देत होतं, आणि ते आईच्या गरोदर राहण्याआधीच्या वजनाशी जोडलेलं होतं. म्हणजे सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणापर्यंत वारेचा पाया घालून झालेला असतो. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण फरक स्नायू आणि पोटातल्या अवयवांत होता, कातडीखालची चरबी जवळजवळ टिकून होती. दूध, पालेभाज्या आणि फळं वारंवार खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी निघाली. बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड) जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानणं जास्त दिसलं. पूर्ण शाकाहारी घरात फॉलिक ॲसिडची गोळी चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका, बी-१२ तपासून घ्या.

सरकारी गोळ्यांत एक साधी चूक सर्रास होते. लोहाची लाल गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर एकत्रच गिळतात. कॅल्शियम लोहाला आडवं येतं. दोघांत किमान दोन तास ठेवा, आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. कॅल्शियम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. लोह रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर जमतं. आईच्या अंगात रक्त कमी असेल तर बाळाच्या मानानं वार मोठी होते, म्हणजे बार्कर यांना दिसलेलं तेच धोक्याचं गुणोत्तर.

दिंडोरी-निफाडला गोडी छाटणीपासून द्राक्षाचा माल उतरेपर्यंत कामाला आलेल्या सुरगाणा-पेठच्या बायकांच्या गरोदरपणाची देखभाल नेमकी या महिन्यांत सुटते. नोंद गावाकडच्या उपकेंद्रात, गोळ्या तिथे, आदिवासी भागासाठीच्या अमृत आहार योजनेचं गरम जेवणही तिथल्या अंगणवाडीत, आणि बाई मळ्यात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल तर कामाच्या गावचं उपकेंद्र किंवा आशाताई तपासणी आणि गोळ्या देऊ शकतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. मळेवाल्यांनी एवढी तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी मजुरी न कापता सुट्टी द्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आता ते आकडे. वार मोजणं सोपं दिसतं, पण मुलगा-मुलगी यांतला सरासरी फरक काही टक्क्यांचाच असतो आणि निष्काळजी मोजमापात त्याहून मोठी चूक सहज होते. नाळ लगेच कापली तर बाळाकडे जायचं रक्त वारेतच राहतं आणि ती जड भरते. एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर हलकी. म्हणून नाळ किती मिनिटांनी कापली ते आधी लिहा. वार ट्रेमध्ये घेऊन नाळेतलं रक्त निथळू द्या, आईच्या बाजूच्या गुठळ्या हातमोजे घालून हलकेच काढा, पाण्याच्या पिशवीचे पापुद्रे कडेला कापा, नाळ बुडाशी कापा, आणि मग वजन. पापुद्रे-नाळेसकट केलेलं वजन १५ ते २० टक्क्यांनी जास्त येऊ शकतं, मग त्याची तुलना कशाशीच होत नाही. डिजिटल काटा ५ ग्रॅमपर्यंत अचूक असला तरी पुरे. वार फ्रीजमध्ये ठेवली तर पाणी सुटून हलकी होते, फॉर्मॅलिनमध्ये ठेवली तर थोडी जड, त्यामुळे ताजी असतानाच मोजा.

मग ती सपाट पसरून, बाळाची चकचकीत बाजू वर ठेवून, सर्वात लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास सेंटिमीटरमध्ये. दोघांचा गुणाकार करून ०.७८५ नं गुणलं की क्षेत्रफळ: १९ आणि १६ सेंटिमीटर असेल तर साधारण २३९ चौरस सेंटिमीटर. नाळ मध्यावर आहे, कडेला आहे की पापुद्र्यात शिरते ते बघा. नाळेच्या कापलेल्या टोकात तीन रक्तवाहिन्या दिसायला हव्यात, दोन धमन्या आणि एक शीर. पूर्ण दिवसांची, अशी कापून-निथळून घेतलेली वार ५०० ग्रॅमच्या आसपास असते, आपल्याकडे बाळं लहान म्हणून वारही बऱ्याचदा हलकी. एकट्या वजनापेक्षा बाळाचं वजन भागिले वारेचं वजन हा आकडा कामाचा. तो सहा ते सातच्या दरम्यान येतो. बराच खाली आला तर वार बाळाच्या मानानं मोठी: आईचं रक्त, शुगर यांकडे बघा. बराच वर गेला तर बाळ काठावर वाढलं असं समजा, आणि हा आकडा मुलग्यांत मुळातच किंचित वर असतो.

मृतजन्म, तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया, वाढ खुंटलेलं बाळ, फार कमी दिवसांचं बाळ, बाळंतपणात ताप, किंवा वार आधीच सुटून रक्तस्राव, अशा वेळी ती पिवळ्या पिशवीत न टाकता पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा. लगेच जमणार नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ४ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये अजिबात नको. बर्फ झाला की पेशी फुटतात आणि मग काचपट्टीवर वाचण्यासारखं काही राहत नाही. पॅथॉलॉजिस्टांच्या २०१४ च्या ॲमस्टरडॅम सहमतीप्रमाणे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला किमान चार ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) घेतात: एक पापुद्र्याची गुंडाळी आणि नाळेचे काप, तीन वारेच्या पूर्ण जाडीचे. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या महाविद्यालयात कोणी पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय घेणार असेल तर एक सूचना. आरएनए बघायचा असेल तर नमुना अर्ध्या तासाच्या आत, अनेक ठिकाणांहून आणि डेसिड्युआ खरवडून टाकून घ्या. मुलाच्या वारेत एक्सआयएसटी हा (दोन एक्स असलेल्या पेशीत एक एक्स गप्प करणारा) जीन बोलताना दिसला तर ते लिंगभेदाचं नवं संशोधन नसतं, आईच्या पेशी मिसळल्याची खूण असते.

डिस्चार्ज कार्डावर हे आकडे आले तर पुढे त्यांचं काय करायचं? जन्मवजन कमी, आणि मुलीची वार लहान किंवा मुलाची वार बाळाच्या मानानं मोठी, अशा मुलांचं बीपी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी बघावं, मुलांच्या मापाचा पट्टा लावून. मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा खोटा खाली येतो. दिल्लीत जन्मापासून माग ठेवलेल्या एका गटाच्या २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तरुणपणी मधुमेहाकडे झुकलेली माणसं दोन वर्षांची होईपर्यंत बारीक होती, आणि नंतर त्यांचं वजन उंचीच्या मानानं भराभर चढत गेलं होतं. तेव्हा बारीक बाळाला पहिल्या दोन वर्षांत नीट वाढू द्या. पाचव्या वर्षी 'आता कुठे अंग धरलंय' म्हणून तूप-साखर वाढवू नका. हे सगळे सरासरीचे कल आहेत. एखाद्या विशिष्ट मुलाचं भवितव्य त्यातून निघत नाही.

मुलीच्या बाबतीत हिशेब आणखी एक पिढी पुढे जातो. तिची सगळी बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६०-७० लाख, जन्माला येईपर्यंत १०-२० लाख. आणि कमी वजनाची जन्मलेली मुलगी पुढे स्वतः गरोदर राहते तेव्हा तिला बीपी आणि शुगरचा धोका जास्त असतो. म्हणून पहिल्या तपासणीला जाण्याआधी आईला किंवा मावशीला फोन करून स्वतःचं जन्मवजन आणि दिवस पूर्ण भरले होते का ते विचारून घ्या आणि कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून न्या. अडीच किलोच्या खाली असेल तर डॉक्टरांना ते सांगा आणि शुगरची तपासणी पहिल्याच भेटीत मागा. ती बरी आली तरी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा करायची असते.